पत्त्यापासून बिंदूपर्यंत : व्यावसायिक संकेतस्थळांवरील नकाशा व मार्गदर्शनसेवेचा इतिहास

व्यावसायिक संकेतस्थळावर नकाशा असणे ही गोष्ट आज इतकी सवयीची झाली आहे की तिला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बँकेची शाखा असो, औषधाचे दुकान असो वा मालवाहतूक संस्थेचे गोदाम. नकाशावर खूण उमटते आणि तेथवर जाण्याची वाट वळणावळणाने सांगितली जाते. या सोयीचा इतिहास बहुधा नकाशाच्या चित्राचा इतिहास म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुख्यतः पत्त्याचा इतिहास आहे. लिहिलेल्या पत्त्याचे अक्षांश-रेखांशात रूपांतर झाल्याशिवाय संगणकाला त्या पत्त्याची खूण उमटवता येत नाही आणि वाटही सांगता येत नाही.

वाट शोधण्याचे गणित त्यामानाने जुने आहे. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग काढण्याची रीत १९५६ मध्ये योजिली व १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. रस्त्यांचे जाळे आणि दोन बिंदू हाती आले की पुढचे काम त्या रीतीचे व तिच्या सुधारित रूपांचे. प्रश्न होता तो हे बिंदू आणावयाचे कोठून, हा.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर प्रथम व्यापाराने नव्हे, तर जनगणनेने दिले. १९७० च्या जनगणनेत प्रश्नावल्या मोठ्या प्रमाणावर टपालाने जावयाच्या होत्या. त्यामुळे प्रत्येक पत्ता कोणत्या गणनाखंडात पडतो हे यंत्राला कळणे आवश्यक झाले. त्यासाठी १९६७ पासून न्यू हेवन शहरात झालेल्या प्रयोगातून ‘डाइम’ ही नोंदपद्धती पुढे आली. तिची कल्पना साधी होती. दोन चौकांमधील रस्त्याचा तुकडा हे एकक धरावयाचे आणि त्याच्या डाव्या व उजव्या बाजूचे घरक्रमांक कोठून कोठपर्यंत आहेत ते लिहून ठेवावयाचे. एखाद्या तुकड्याच्या एका बाजूस १०० ते १९८ असे सम क्रमांक असतील, तर १५० क्रमांकाचे घर साधारण मध्यावर असणार, हे यंत्र त्रैराशिकाने सांगू शकते. हा अंदाजच, पण ग्राहकाला दुकानाच्या दाराजवळ आणून सोडण्यास तो पुरेसा होतो. १९९० च्या जनगणनेसाठी याच पायावर ‘टायगर’ हा देशव्यापी संग्रह तयार झाला. संघराज्य शासनाच्या कामावर तेथे स्वामित्वहक्क नसल्यामुळे तो कोणालाही वापरता आला. पुढच्या खाजगी उद्योगाचे भांडवल म्हणून या सरकारी कामाकडे पाहिले पाहिजे. त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

आर. आर. डॉनेली या शिकागोच्या मुद्रणसंस्थेच्या नकाशाविभागातून वाढलेल्या कंपनीने १९९६ मध्ये ‘मॅपक्वेस्ट’ हे संकेतस्थळ सुरू केले. पत्ता लिहिला की वाट मिळू लागली, आणि ‘जवळची शाखा शोधा’ ही सोय आपल्या संकेतस्थळावर हवी असलेले व्यावसायिक हे तिचे ग्राहक बनले. डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिका ऑनलाइनने ही कंपनी सुमारे १.१ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मॅपपॉइंट’ ही सेवा आणली. शोधणे, नकाशा रेखाटणे व मार्ग काढणे ही कामे कोणत्याही संस्थेच्या आज्ञावलीला दूरच्या संगणकाकडून करून घेता येऊ लागली. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगलचा नकाशा आला. त्याने नकाशाचे लहान चौकोनी तुकडे आधीच तयार ठेवले, त्यामुळे नकाशा बोटाखाली सरकू लागला. काही आठवड्यांतच पॉल रॅडमाकर यांनी घरांच्या जाहिराती त्या नकाशावर परभारे मांडून दाखवल्या, आणि जूनमध्ये गूगलने इतरांच्या संकेतस्थळांसाठी अधिकृत जोडणी खुली केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या जोडणीत पत्त्याचा बिंदू करून देण्याची सोय २००६ मध्ये आली. मधल्या वर्षभरात नकाशा फुकट होता. बिंदू मात्र ज्याचे त्यानेच मिळवावयाचे होते.

भारतात ही व्यवस्था आली तेव्हा तिचा पाया येथे नव्हता. पुण्याच्या सदाशिव पेठेचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील घरक्रमांक पेठेचा असतो, रस्त्याचा नसतो. म्हणून शेजारच्या दोन क्रमांकांवरून मधल्या घराची जागा काढण्याचे त्रैराशिक तेथे लागू पडत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड मूलतः टपालाच्या वर्गवारीसाठी होता. संस्कृतचे विद्वान असलेल्या या मराठी अधिकाऱ्याने देशाला दिलेले सहा अंक पत्र वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत नेतात. पुढची वाट पोस्टमनच्या स्मरणात असते. नकाशांच्या बाबतीत २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची मालिका संरक्षणाच्या मालिकेपासून वेगळी केली, तरी परवानगीचे बंधन बऱ्याच अंशी सैल झाले ते १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने भारतासाठी वाट सांगताना ओळखीच्या ठिकाणांचा आधार घेण्यास सुरुवात केली, ती लोक रस्त्यांच्या नावांवर नव्हे तर खुणांवर चालतात हे ध्यानात आल्यावर. (आपल्या महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरही नकाशाच्या खाली ‘एस. टी. स्थानकाजवळ’ असे लिहिलेले असतेच.)

त्यामुळे येथे पत्त्याचा बिंदू ठरवण्याचे काम प्रत्यक्षात पार्सल पोचवणाऱ्यांच्या हातून होत गेले. चुकलेला मुलगा फोन करतो, गल्ली विचारतो, दार सापडते, आणि दुरुस्त बिंदू कंपनीच्या नोंदीत जातो. हे ज्ञान ज्याने पायपीट करून मिळवले त्याचे नसते, गावाचेही नसते. ते त्या कंपनीचे खाजगी धन होते. याउलट नकाशासेवेकडून भाड्याने घेतलेला बिंदू कंपनीला आपला म्हणता येत नाही. गूगलच्या अटींनुसार तो साधारणपणे तीस दिवसांपलीकडे साठवता येत नाही. जुलै २०१८ मध्ये गूगलची नवी दरपद्धती लागू झाली, तेव्हा फुकट सेवेवर विसंबलेल्या अनेक लहान संस्थांना या भाडेपट्ट्याचा खरा अर्थ उमगला. जुलै २०२४ मध्ये ओलाने स्वतःचा नकाशा वापरण्याचे जाहीर केले, आणि लगेच १ ऑगस्टपासून गूगलने भारतातील दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले. स्पर्धेने भाडे कमी झाले. मालकीचा प्रश्न तसाच राहिला.

२०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा चिन्हांचा संकेत असतो आणि तो अक्षांश-रेखांशावरून गणितानेच निघतो. त्यासाठी सूची राखावी लागत नाही. हे काम सार्वजनिक असल्यामुळे महत्त्वाचे आहे. परंतु पाकिटावर लिहिलेले पेठेचे नाव आणि घरक्रमांक कोणत्या चौकोनात पडतो, हे त्या संकेतावरून कळत नाही. त्यासाठी आजही कोणीतरी एकदा त्या दारात उभे राहून नोंद करावी लागते.