परवचा आणि स्मरणशास्त्र

दिवेलागणीला शुभंकरोति झाली की मुलांनी ओसरीवर बसून परवचा म्हणावयाचा, हा मराठी घरांचा जुना शिरस्ता. होळकरांच्या अमदानीत मराठी कुटुंबे माळव्यात आली, त्यांच्याबरोबर तोही आला. आमच्या मल्हारगंजातील काही वृद्धांना पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे.

पंतोजींच्या शाळेत छापील पुस्तक नव्हते. धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचे आणि बाकीचे डोक्यात साठवावयाचे. साधे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, अशा त्या हिशेबात अपूर्णांकावाचून पान हलत नसे. 1957 साली दशमान नाणी आली आणि या पाढ्यांची बाजारातील गरज सरली.

सुधारकांनी या शिक्षणास घोकंपट्टी म्हटले. छडीविषयीचा त्यांचा संताप रास्तच होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला व मुलाचा आनंद शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु छडी टाकताना तिच्याबरोबर परवचाही टाकला गेला, आणि तो टाकण्याजोगा नव्हता असे माझे मत आहे.

जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करावयाच्या आणि किती विसरले ते मोजावयाचे! एका दिवशी अडुसष्ट आवृत्त्या करून जे साधे, ते तीन दिवसांत विभागलेल्या अडतीस आवृत्त्यांनी साधले. रोज संध्याकाळी थोडे थोडे म्हणण्याचा हिशेब तो हाच. पुढे जॉर्ज मिलर यांनी 1956 साली दाखविले की मन एका वेळी सातेक गोष्टीच धरू शकते. आठ औटांचे अठ्ठावीस आपोआप आठवले, तर उदाहरणाचा विचार करण्यास मन मोकळे राहते.

2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे सरस ठरले. आठवड्याने मात्र त्यांना शेकडा 42 भाग आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना 56. परवचा म्हणताना मुलापुढे पुस्तक नसे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आम्हां ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण प्रश्नोत्तरांतून मिळे. उत्तर बिनचूक यावयाचे, अर्थ पुष्कळदा नाही. म्हणून नुसत्या पाठांतराची तरफदारी मी करणार नाही. दिडकी म्हणणाऱ्या मुलाला दीड शेर धान्य मापून दाखविता आले पाहिजे.

आज परीक्षेच्या आदल्या रात्री मुले मार्गदर्शक पुन्हा पुन्हा वाचतात, ओळींवर रंग ओढतात आणि सारे येते असे समजून निजतात. सकाळी प्रश्नपत्रिकेपुढे रडू कोसळते, आणि घरची मंडळी मुलालाच मंद ठरवितात. माझ्या वर्गात तास सुरू होताच पुस्तके मिटतात व चार प्रश्न विचारले जातात. त्यांना गुण नसतात. चौथा प्रश्न नेहमी महिन्यापूर्वीच्या पाठातील असतो.