मुक्तस्रोत प्रकल्पांचे विलीनीकरण : रेल्स व मर्ब यांच्या एकीकरणाचा अभ्यास (२००८–२०१०)

दोन संस्थाने, दोन व्यापारी मंडळ्या किंवा दोन राजकीय पक्ष एकत्र येतात, तेव्हा त्या घटनेच्या अभ्यासाची साधने इतिहासकाराजवळ सिद्ध असतात. तहनामा असतो, मालमत्तेची मोजदाद असते, जुन्या अधिकाऱ्यांच्या नव्या नेमणुकांची यादी असते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे प्रकल्प एकत्र येतात तेव्हा यांपैकी बहुतेक साधने निरुपयोगी ठरतात. अशा प्रकल्पाचा कोड परवान्यान्वये सर्वांस खुला असतो. त्यामुळे तो जिंकून घेता येत नाही, आणि एकाने दुसऱ्याच्या स्वाधीन केला तरी तिसऱ्याचा त्यावरील हक्क नष्ट होत नाही. काम करणारे बव्हंशी स्वयंसेवक असतात. त्यांना आज्ञा देऊन नव्या घरी नेता येत नाही. मग अशा प्रसंगी विलीन नेमके काय होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या ठेवणे अवश्य आहे : प्रकल्पाचे नाव, त्याचा कोड, आणि पुढील कोड कसा असावा हे ठरविण्याचा अधिकार. या तिन्हींची वाटणी एकाच पक्षाच्या बाजूने होतेच असे नाही. ज्या पक्षाचे नाव टिकते तोच विजयी, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. वेब-फ्रेमवर्कांच्या इतिहासात या तपासणीस सर्वांत उपयुक्त असे प्रकरण रेल्स आणि मर्ब यांचे होय.

वेब-फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ चालविणाऱ्या सॉफ्टवेअरची तयार चौकट. आलेली विनंती योग्य जागी पोचविणे, डेटाबेसातून माहिती काढणे, पान रचून परत पाठविणे, ही प्रत्येक संकेतस्थळास लागणारी कामे ती एकदाच करून ठेवते. जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रूबी या भाषेत अशी चौकट डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने रचली. शिकागो येथील थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीसाठी बेसकँप नावाचे सॉफ्टवेअर लिहिताना निर्माण झालेला हा भाग त्यांनी स्वतंत्र करून जुलै २००४ मध्ये रेल्स या नावाने खुला केला, त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००५ मध्ये निघाली. ठरावीक संकेत पाळले असता स्वतंत्र जुळवाजुळवीची गरज पडू नये, हे रेल्सचे मुख्य तत्त्व. डेटाबेसाचा थर कोणता, पानाचा साचा कोणता, हे रेल्सने आधीच ठरविलेले असे. नवशिक्याच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. परंतु ज्यास वेगळी निवड करावयाची असे, त्यास हीच गोष्ट जाचक वाटे.

या जाचातून २००६ मध्ये एझ्रा झिग्मुंतोविच यांनी मर्ब सुरू केले. मंग्रल हा सर्व्हर आणि ईआरबी ही साचापद्धती यांच्या नावांच्या जोडणीतून हे नाव आले, आणि आरंभी त्याचा आकारही तेवढाच आटोपशीर होता. पुढे येहुदा कॅट्झ यांच्याकडे या प्रकल्पाचे नेतृत्व आले. मर्बचा आग्रह निराळा होता : गाभा लहान असावा, बाकीचे भाग इच्छेनुसार जोडता यावेत, डेटाबेसाचा थर वापरणाराने निवडावा, आणि बाहेरच्याने विसंबून राहावे असा कोडचा भाग कोणता हे स्पष्टपणे जाहीर केलेले असावे. झिग्मुंतोविच हे एंजिन यार्ड या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, आणि कॅट्झ तिचे कर्मचारी. या कंपनीचा व्यवसाय मुख्यतः रेल्सवर चालणारी संकेतस्थळे सांभाळण्याचा होता. तेव्हा रेल्सचा प्रतिस्पर्धी ज्या घरात वाढला, त्या घराचा चरितार्थही रेल्सवरच चालत होता, ही गोष्ट पुढील घटनांचा अर्थ लावताना विसरता येत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मर्बची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २३ डिसेंबर २००८ रोजी, दोन्ही पक्षांनी जाहीर केले की मर्ब रेल्सच्या तिसऱ्या आवृत्तीत विलीन होईल आणि कॅट्झ रेल्सच्या गाभा-मंडळात येतील. वरवर पाहता हा निर्णय आकस्मिक वाटतो. पण त्याची भूमी आधीच तयार झाली होती. २००७ मध्ये क्रिस्टियन नॉयकिर्चेन यांनी रॅक नावाचा एक लहानसा संकेत रचला होता. सर्व्हरने फ्रेमवर्काशी कोणत्या रीतीने बोलावे, एवढेच तो सांगतो. मर्बने तो स्वीकारला होता, आणि मार्च २००९ मध्ये निघालेल्या रेल्स २.३ नेही तो स्वीकारला. दोन्ही प्रकल्प एकाच पायावर येऊन ठेपले होते, आणि १.० पर्यंत पोचताना मर्बही परिपूर्ण फ्रेमवर्काचे रूप घेऊ लागले होते. एकच काम दोन ठिकाणी होत होते.

घोषणेत रेल्सच्या बाजूने मुख्यतः चार गोष्टी मान्य केल्या गेल्या : लहान गाभा वेगळा काढणे, गती वाढविणे, इतर घटकांबाबत तटस्थ राहणे, आणि जोडणीसाठी स्थिर, घोषित अशी बाह्य रचना ठेवणे. हीच या प्रकरणातील तहाची कलमे होत. ती पाळली गेली किंवा नाही हे तपासणे शक्य आहे, कारण कोड सर्वांसमोर आहे.

रेल्स ३.० ही आवृत्ती २९ ऑगस्ट २०१० रोजी, म्हणजे घोषणेनंतर सुमारे वीस महिन्यांनी, प्रसिद्ध झाली. तीत नियंत्रकाचा किमान भाग वेगळा काढलेला होता. डेटाबेसाच्या थराशी असलेला करार अ‍ॅक्टिव्ह मॉडेल या नावाने स्वतंत्र झाला होता, त्यामुळे तो पाळणारा दुसरा कोणताही थर रेल्सला जोडता येऊ लागला. रेल्सचे स्वतःचे घटकही बाहेरच्या पुरवणीप्रमाणेच एका जाहीर मार्गाने जोडले जाऊ लागले. कॅट्झ आणि कार्ल लर्श यांनी रचलेले बंडलर हे साधनही याच आवृत्तीबरोबर रूढ झाले. गतीचे कलम मात्र तितके सफल झाले नाही. डेटाबेसाच्या थराची काही कामे ३.० मध्ये पूर्वीपेक्षा मंदावली, आणि ती दुरुस्ती २०११ च्या ३.१ मध्ये करावी लागली. एकंदरीत, मर्बचे नाव गेले, त्याचा कोड बव्हंशी मागे राहिला, परंतु त्याची तत्त्वे रेल्सच्या रचनेत उतरली. ही तत्त्वे केवळ आश्वासनावर विसंबून राहिली नाहीत. ती मांडणारी व्यक्ती निर्णय करणाऱ्या मंडळात बसली होती, हे त्याचे कारण होय.

ही वाटणी अपरिहार्य नव्हती, हे इतर दोन उदाहरणांवरून दिसते. जावा भाषेतील स्ट्रट्स हे फ्रेमवर्क क्रेग मॅक्लॅनहन यांनी २००० मध्ये अपाची प्रतिष्ठानास दिले. २००५ च्या अखेरीस वेबवर्क या तुलनेने लहान प्रकल्पाशी त्याचे विलीनीकरण जाहीर झाले, तेव्हा नाव स्ट्रट्सचे राहिले आणि कोड वेबवर्कचा घेतला गेला. म्हणजे नाव थोरल्याचे, देह धाकट्याचा. स्ट्रट्सच्या पहिल्या व दुसऱ्या आवृत्तीत त्यामुळे नावापलीकडे फारसे साम्य उरले नाही, आणि पहिलीवर अवलंबून असलेल्यांना सर्व रचना नव्याने करावी लागली. पहिल्या आवृत्तीची देखभाल २०१३ मध्ये अधिकृतपणे थांबविण्यात आली.

दुसरे उदाहरण नोडचे. नोड हे फ्रेमवर्क नव्हे. जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालविणारा तो पाया आहे. त्याचे बोधचिन्ह व नाव जोयंट या कंपनीकडे होते. कामाची संथ गती आणि एका कंपनीचे नियंत्रण यांस कंटाळून डिसेंबर २०१४ मध्ये काही प्रमुख कार्यकर्त्यांनी आयओ.जेएस ही वेगळी शाखा काढली. २०१५ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात निघालेल्या नोड ४.० मध्ये दोन्ही प्रवाह पुन्हा एक झाले. येथे नाव जुन्याचे टिकले. कोड आणि कारभाराची पद्धत मात्र फुटून गेलेल्या शाखेची स्वीकारली गेली.

तिन्ही प्रकरणांत नाव अधिक प्रसिद्ध पक्षाचेच राहिले. ते स्वाभाविकच आहे, कारण नाव हे एकच असे धन आहे की ज्याची प्रत काढता येत नाही. परंतु नावावरून सत्तेचा निष्कर्ष काढता येत नाही. विलीनीकरणाचे खरे स्वरूप निर्णयाचा अधिकार कोणाकडे गेला यावरून कळते.

अधिकाराचा हा हिशेब मांडताना एक पक्ष सहज सुटून जातो, तो म्हणजे वापरणाऱ्यांचा. मर्ब १.० वर विश्वास ठेवून ज्यांनी नुकतेच काम आरंभले होते, त्यांना काही आठवड्यांतच कळले की त्यांच्या पायाखालच्या प्रकल्पाचे भवितव्य दुसऱ्या नावात आहे. देखभाल चालू राहील आणि संक्रमणाची वाट सोपी केली जाईल असे आश्वासन मिळाले. तथापि मर्बवर लिहिलेले सॉफ्टवेअर रेल्स ३ वर नेणे हे प्रत्यक्षात बरेचसे नवलेखनच होते. स्ट्रट्सच्या पहिल्या आवृत्तीवर विसंबलेल्यांचा अनुभव याहून वेगळा नव्हता. परवान्याने त्यांना जुना कोड पुढे चालविण्याचा पूर्ण हक्क दिला होता. मात्र जाणती माणसे एकदा नव्या मंडळात गेली की एकाकी वापरणाऱ्यास त्या हक्काचा उपयोग करणे क्वचितच साधते.

मुक्तस्रोत चळवळीने मालकीचा प्रश्न परवान्याने सोडविला, असे सामान्यतः म्हटले जाते. विलीनीकरणाचा इतिहास त्यास एक पुरवणी जोडतो. कोडची मालकी सर्वांची असली तरी त्याकडे लक्ष पुरविणारे थोडेच असतात, आणि त्यांचे लक्ष जिकडे वळते तिकडेच प्रकल्प जातो. अशा घटनेचा अभ्यास करणाराने म्हणून घोषणेच्या मजकुराबरोबरच नंतरच्या दोन-तीन वर्षांतील कोड, मंडळातील नावे आणि मागे राहिलेल्यांची वाट, ही तिन्ही पाहिली पाहिजेत.