पडघ्याच्या वाटेवरचे एसटी तिकीट

भिवंडी तालुक्यातले पडघा मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, पण रेल्वेमार्गावर नाही. लोकल गाठायची तर वाशिंद, खडवली किंवा कल्याण गाठावे लागते. त्यामुळे या भागात एसटीला नेहमीच महत्त्व राहिले. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्याआधी भाडे आणि वेळ खाजगी मोटारवाल्याच्या मर्जीवर असे. एसटीने दोन्ही छापील केले. पुढे सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्यागणिक भाडे, ही तिकीट आकारणीची पद्धत ठरली.

पुढची अनेक दशके कंडक्टरची साधने दोनच होती: तिकिटांचा ट्रे आणि चिमटा. ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या ओळीने लावलेल्या असत. भाड्याच्या नेमक्या रकमेचे तिकीट नसले की दोन-तीन तिकिटे जोडून द्यायची, चिमट्याने भोक पाडायचे आणि टप्पा आला की तिकिटांचे क्रमांक वेबिलात, म्हणजे फेरीच्या हिशेबपत्रकात, उतरवायचे. भिवंडी, पडघा, शहापूर अशा मार्गावर हे काम जिकिरीचे होते. जवळचे उतारू चढत-उतरत राहात आणि गर्दीतून पुढे सरकेपर्यंत पुढचा टप्पा येई. तपासणी पथकाने गाडी थांबवली आणि वेबिल अपुरे निघाले, तर जाब कंडक्टरलाच द्यावा लागे. सुट्टे नसले की उरलेली रक्कम तिकिटामागे लिहून देण्याची रीत होती. उतरायच्या घाईत ते पैसे मागायचे राहून जात.

2010 च्या सुमारास ट्रेची जागा तिकीट मशीनने घेतली. वेबिलाचे ओझे हलके झाले आणि आगाराला रोजचा हिशेब चटकन मिळू लागला. प्रवाशाच्या वाट्याला मात्र फिकट छपाईचा कागद आला. खिशात घामाने भिजला की त्यावरचे अक्षर पुसले जाई.

मशीनची खरी गरज सवलतींनी दाखवून दिली. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले. सवलतीची रक्कम शासनाकडून मागायची, तर प्रत्येक प्रवाशाची नोंद हवी. म्हणून मोफत प्रवासालाही शून्य रकमेचे तिकीट निघते. इतकी वर्गवारी जुन्या ट्रेला पेलणारी नव्हती. नव्या अँड्रॉइड मशीनवर यूपीआयने पैसे देता येऊ लागले आणि सुट्ट्या पैशांचा जुना वाद मिटण्याची सोय झाली.

या साऱ्या बदलांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. यंत्र आधी पैशांच्या हिशेबाला लागले. थांब्यावर ताटकळणाऱ्याचा विचार फार उशिरा झाला. गाड्यांचा ठावठिकाणा दाखवणारी यंत्रणा एसटीने मागाहून हाती घेतली. पडघ्यासारख्या वाटेवरच्या थांब्याला तिची गरज सर्वांत जास्त आहे, कारण इथे गाडी सुटत नाही, दुसरीकडून येते.