पेटामीटर

मीटर पद्धतीतील लांबीचे एक अतिविशाल एकक. एक पेटामीटर म्हणजे दहाचा १५ वा घात इतके मीटर, अर्थात एक लाख कोटी किलोमीटर. हे अंतर पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतराच्या सुमारे ६,६८५ पट असून ते तोडण्यास प्रकाशाला सुमारे ३८·६ दिवस लागतात. चिन्हातील ‘पी’ हे रोमन अक्षर मोठ्या लिपीत लिहिणे आवश्यक असते. ते लहान लिपीत लिहिल्यास पिकोमीटर असा अर्थ होतो व मूल्यात दहाच्या २७ व्या घाताइतकी तफावत पडते.

फ्रान्समध्ये १७९५ साली मीटर पद्धतीचा कायदा झाला, तेव्हा गुणितांसाठी ग्रीक संख्यावाचक शब्द निवडण्यात आले. ‘किलो’ म्हणजे हजार. ‘मिरिया’ म्हणजे दहा हजार. मिरिया हा उपसर्ग पुढे मागे पडला. त्यापुढील उपसर्गांत मात्र संख्या सुटली आणि केवळ भव्यता उरली. ‘मेगा’ म्हणजे मोठा, ‘गिगा’ म्हणजे दैत्य व ‘टेरा’ म्हणजे राक्षस. गिगा व टेरा यांना वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने १९६० मध्ये मान्यता दिली.

यानंतरचे नामकरण एका योगायोगातून झाले. टेरा हा हजाराचा चौथा घात होय. ग्रीक भाषेत चारसाठी ‘टेट्रा’ हा शब्द आहे व त्यातील एक व्यंजन गाळल्यास टेरा असे रूप होते. वस्तुतः या दोन शब्दांचा व्युत्पत्तिदृष्ट्या काहीही संबंध नाही. तथापि हे साम्य आदर्श मानले गेले. ‘पेंटा’ (पाच) मधील अनुनासिक गाळून ‘पेटा’, तर ‘हेक्सा’ (सहा) मधील हकार गाळून ‘एक्सा’ हे उपसर्ग सिद्ध झाले. १९७५ च्या परिषदेने ते स्वीकारले. अशा रीतीने उपसर्गांत संख्या परत आली, परंतु ती हजाराच्या घातांची. भास्कराचार्यांच्या लीलावतीत दर दहापटीस स्वतंत्र नाव असून पेटाच्या मूल्याला तेथे ‘अंत्य’ म्हटले आहे. पुढे झेटा व योटा (१९९१) आणि रोना व क्वेटा (२०२२) यांच्या बाबतीत आधीच वापरात असलेली अक्षरे टाळण्यासाठी मूळ संख्यानामे इतकी बदलावी लागली, की ती सहजी ओळखूही येत नाहीत.

‘पेटा’ हा उपसर्ग संगणकशास्त्रात रुळला आहे. पेटामीटर मात्र ज्या ज्योतिषशास्त्रात उपयोगी पडावयाचा, तेथेच क्वचित आढळतो. एक प्रकाशवर्ष सुमारे ९·४६ पेटामीटर, तर एक पार्सेक सुमारे ३०·८६ पेटामीटर भरतो. नरतुरंग तारकासमूहातील प्रॉक्झिमा हा सूर्याला सर्वांत जवळचा तारा ४० पेटामीटर अंतरावर आहे. आकडे सोयीचे आहेत, हे खरे. पण ज्योतिषशास्त्रज्ञांची एकके मोजण्याच्या रीतीतूनच निपजली आहेत. बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला आणि त्याचे अंतर प्रकाशाच्या प्रवासकालावरून सांगितले. १९१३ मध्ये सुचविण्यात आलेल्या पार्सेक या एककात तर पराशयाच्या विकलांचा व्यस्तांक घेतला, की अंतर मिळते. पेटामीटरमध्ये उत्तर हवे असल्यास आणखी एक गुणाकार करावा लागतो.