लुईस बेटावरील पवनचक्कीविरोध
स्कॉटलंडच्या वायव्येस बाह्य हेब्रिडीज द्वीपसमूहातील लुईस बेटावर योजिलेल्या औद्योगिक पवनऊर्जा प्रकल्पास झालेला विरोध (२००४–०८). प्रकल्प नामंजूर झाला. या वादाच्या काळात माळाविषयीच्या गेलिक शब्दांचा एक संग्रहही तयार झाला.

प्रकल्प : ‘लुईस विंड पॉवर’ या एमेक व ब्रिटिश एनर्जी यांच्या संयुक्त कंपनीने २००४ मध्ये २३४ टर्बाइनांसाठी अर्ज केला. आक्षेपांनंतर सुधारलेल्या आराखड्यात त्यांची संख्या १८१ राहिली, क्षमता सु. ६५० मेगावॉट, पात्याच्या टोकापर्यंतची उंची सु. १४० मी. जागा बेटाच्या उत्तर भागातील दलदलीच्या माळावर होती. येथे पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा) जाड थर असून सोनेरी गरुड, मर्लिन ससाणा, सोनचिखल्या, लाल गळ्याचा डायव्हर इ. पक्षी येथे वीण करतात. माळाचा मोठा भाग त्या वेळी यूरोपीय संघाच्या पक्षिसंरक्षण निर्देशाखाली संरक्षित होता.

विरोध : स्थानिक गट ‘मोन्चख गन वूलिन’ (पवनचक्कीविना माळ) आणि पक्षिसंरक्षण संस्था आरएसपीबी यांनी विरोध केला. रस्ते व पाये खोदल्याने पीटमधील पाणी निचरून साठलेला कार्बन हवेत जाईल, हाही एक मुद्दा होता. शासनाकडे १०,९२४ हरकती आल्या. पाठिंब्याची पत्रे ९८. बेटाची वस्ती सु. १८ हजार, मात्र सर्वच हरकती बेटावरच्या नव्हत्या, म्हणून या आकड्यांवरून स्थानिक कौल ठरविणे कठीण आहे. बाह्य हेब्रिडीजच्या स्थानिक परिषदेचा प्रकल्पास पाठिंबा होता.

आर्थिक बाजू : प्रकल्पातून रोजगार व जमिनीचे भाडे मिळण्याची अपेक्षा होती.

शब्दसंग्रह : माळ ओसाड आहे, असे म्हटले जाई. त्याला उत्तर मिळाले ते शब्दांतून. बेटावरील लेखक फिनली मॅक्लाउड व त्यांचे सहकारी यांनी पीट व माळ यांविषयीचे गेलिक शब्द लुईसमधील गावांतून गोळा केले. शंभराहून अधिक शब्दांची ही सूची आहे. ‘रुन्नख मूइम’ म्हणजे लख्ख उन्हाच्या, वाऱ्याच्या दिवशी माळावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या. यातील ‘रुन्नख’ हे बांगड्याच्या कुळातील माशाचे नाव. ‘कूखन’ म्हणजे झाडोऱ्याखाली जवळजवळ दिसेनासा होणारा बारीक ओहळ, तर ‘फेदन’ म्हणजे माळावरच्या तळ्यातून निघणारा लहान झरा. मासे पकडण्यासाठी ओढ्यात गारगोट्या ठेवण्याच्या प्रथेस ‘एच’ म्हणतात; चांदण्यात त्या चमकून सॅमन मासे तिकडे यावेत, हा हेतू. (येथील उच्चार स्थूलमानाने दिले आहेत, गावागणिक ते बदलतात.) एकाच माळावरील पाण्याच्या धारांना इतकी वेगळी नावे असणे, हा तेथील नित्य वावराचा दाखलाच होय. उन्हाळी चराईसाठी बांधलेल्या ‘आरी’ या झोपड्यांचे अवशेषही तेच सांगतात. रॉबर्ट मॅक्फर्लेन यांच्या ‘लँडमार्क्स’ (२०१५) या ग्रंथामुळे ही सूची इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. अंतिम निर्णयावर तिचा किती प्रभाव पडला, हे सांगता येत नाही. निर्णयाचा आधार कायदेशीर होता.

निर्णय : २१ एप्रिल २००८ रोजी स्कॉटिश शासनाने परवानगी नाकारली. संरक्षित पक्षिक्षेत्रावर होणारे गंभीर परिणाम हे मुख्य कारण देण्यात आले.

पुढील घडामोडी : बेटावर पवनचक्क्या उभ्या राहिल्याच नाहीत, असे नव्हे. दक्षिणेकडील पार्क भागातील प्रकल्पास टर्बाइनांची संख्या कमी करून २०१० मध्ये मंजुरी मिळाली. स्टॉर्नोवेजवळ बेन ग्रीडेग येथे स्थानिक न्यासाची तीन टर्बाइने आहेत (९ मेगावॉट).

(पहा : क्रॉफ्ट, गेलिक भाषा, पीट, हेब्रिडीज.)