मंत्र बदलला तर साधना तीच राहते का?

गेल्या योगदिनाला हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही पंधराएक जणी जमलो होतो. सगळ्यांनी ॐ म्हटला, माझी मुसलमान रूममेट गप्प बसली. नंतर मला विचारते, "श्वास तर तुमच्यासारखाच घेतला. शब्द माझा घेतला तर चालेल?" मला उत्तर सुचलं नाही. गंमत म्हणजे माझं पीएच.डी.चं निम्मं वाचन याच प्रश्नाभोवती फिरतंय.

'अमृतकुंड' नावाचा हठयोगावरचा एक ग्रंथ होता. मूळ आज सापडत नाही, पण त्याचं अरबी रूपांतर उरलंय. पुढे ग्वाल्हेरचे शत्तारी सूफी शेख महंमद घौस (हो, तानसेनाची कबर ज्यांच्या कबरीशेजारी आहे तेच) यांनी 1550च्या सुमारास गुजरातेत त्याचं फारसी रूप केलं, 'बहर अल-हयात', म्हणजे जीवनाचा सागर. हुमायूनशी जवळीक असल्यामुळे शेरशहाच्या काळात त्यांना तिकडे जावं लागलं होतं.

आता यातली खरी मजा बघा. चक्रं, श्वास, आसनं जागच्या जागी आहेत. बीजाक्षरांचा अर्थ मात्र अल्लाहच्या नावांनी सांगितलाय. 'हूं' म्हणजे 'या रब्ब'. नाथपंथाचे गुरूही ओळखीचे करून दिलेत: गोरख म्हणजे ख़िज़्र, चौरंगी म्हणजे इलियास आणि मत्स्येंद्र म्हणजे माशाच्या पोटात राहिलेले पैगंबर यूनुस! ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा याच मत्स्येंद्र-गोरखांपासून येते, त्यामुळे मराठी वाचकाला हे वाचताना दचकायला होतं.

मी मूळची रसायनशास्त्राची. प्रोटोकॉलमधला एक पदार्थ बदलला की प्रयोग तोच म्हणायचा का, हा आमचा रोजचा वाद. घौस यांचं उत्तर माझ्या मते असं होतं: कृती जोग्यांची, हे लपवायचं नाही, पण पोचायचं कुठे, ते आपण ठरवायचं. याला लगेच 'सगळे धर्म एकच' म्हणणं मला पटत नाही. धर्म एक वाटत असते तर शब्द बदलायची गरजच काय होती? शिवाय उलेमांशी त्यांचं काही गोडीगुलाबीचं नव्हतं. स्वतःच्या मेराजचा, म्हणजे स्वर्गारोहणाचा, दावा केला म्हणून गुजरातेतच त्यांच्यावर फतवा निघाला होता.

पुढे 1600 ते 1604च्या दरम्यान शहजादा सलीमसाठी, म्हणजे नंतरच्या जहांगीरसाठी, या ग्रंथाची सचित्र प्रत तयार झाली. तिच्यात आसनांची 21 चित्रं आहेत. ती आता डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत आहे. ग्रंथ फारसी, लिहिणारा सूफी, पण चित्रांतले साधक जोगीच.

परवा रूममेटला त्यातलं खाली डोकं वर पाय केलेल्या जोग्याचं चित्र मोबाइलवर दाखवलं. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे मात्र मला जमायचं नाही बाई, शब्द कुठलाही असू दे."