लुगड्याचा काठ आणि भिंतीवरची लक्ष्मी

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, बखरी, शिलालेख, नाणी ही नावे आपोआप जिभेवर येतात. आज आम्ही ज्या साधनाविषयी बोलणार आहोत, ते कोणत्याही दप्तरात बांधलेले नाही. ते माजघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले असे. श्रोत्यांपैकी अनेकांनी ते आजोळी पाहिले असेल. काचेच्या चौकटीत लक्ष्मी किंवा सरस्वती. चेहरा व हात छापील, पण अंगावरचे वस्त्र खऱ्या कापडाचे, काठ खऱ्या जरीचा आणि गळ्यात बारीक मण्यांची माळ.

मूळ चित्राचा इतिहास बराचसा ठाऊक आहे. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा काढली, आणि तिची रामपंचायतनासारखी शिळाछापाची चित्रे घरोघर गेली. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईस गिरगावात सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलला व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथील चित्रांत रंगागणिक वेगळा दगड लागे. हे सारे ग्रंथांतून येते. पण चित्र दुकानातून घरी आले की ग्रंथकार थांबतात. आमच्या मते खरा दुसरा अंक तेथून सुरू होतो.

घरी आलेल्या या कागदाला गृहिणी वस्त्र नेसवीत. त्यासाठी बाजारातून फारसे काही आणावे लागत नसे. विरलेल्या लुगड्याचा पदर, खणाची कातरण, तुटलेल्या माळेचे मणी, टोपीवरून निखळलेल्या टिकल्या, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद असले डब्यात साठलेले किडूकमिडूक पुरे होई. कणकेची खळ करावी, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालावा, आणि छापील निऱ्यांच्या वळणाबरहुकूम कापड कापून चिकटवावे. काम दिसते तितके सोपे नाही. निरीची घडी छापील घडीवर नेमकी बसली नाही तर देवीचा तोल गेल्यासारखा दिसतो. शिवाय कापडाची जाडी मावावी म्हणून चौकटही खोल करून घ्यावी लागे.

आता जरीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण खरी गोष्ट तेथेच आहे. जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचे पाणी. लुगडे फाटले तरी काठाचे मोल उरे. जर जाळून चांदी काढणारे ती विकत घेत. साध्या जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडे देई. तेव्हा वीतभर काठ लक्ष्मीच्या तसबिरीवर लावणे म्हणजे वीतभर चांदी भिंतीवर ठेवणे होते. काटकसरीच्या संसारात हा निर्णय कोणी आणि कसा घेतला असेल? त्या काळच्या बऱ्याच घरांत एखादी तरी बालविधवा असे. तिची लग्नातली लुगडी तिला पुन्हा नेसता येत नसत. त्यांतला एखादा काठ या चित्रांवर आला असेल, असे आम्हांस वाटते. कागदोपत्री पुरावा मागाल तर तो नाही. असल्या गोष्टी कोणी लिहून ठेवीत नसे.

रसिकांनी रविवर्म्याच्या छापील चित्रांना नाके मुरडली, आणि त्यांवर चमकी लावणाऱ्या बायकांना तर हिशेबातच घेतले नाही. आम्हांस हा अन्याय वाटतो. चेहरा, हात, पाय उघडे ठेवायचे, वस्त्र आणि दागिने तेवढे झाकायचे, हा विवेक या चित्रांत वारंवार दिसतो. जेथे चित्रकाराचा हात आपल्याहून सरस आहे तेथे त्याला सोडायचे आणि जेथे कापड आपल्याला त्याच्याहून जास्त कळते तेथे आपला हात चालवायचा. ही समजूत अनेक टीकाकारांतही आढळत नाही!

काळ ठरविताना मात्र सावध राहावे. चित्राच्या तळाशी कार्ले-लोणावळे असे छापलेले असेल तर ते मुंबई सुटल्यानंतरचे, एवढे निश्चित. पण अंगावरचे वस्त्र चित्राहून कितीतरी जुने असू शकते. आईचे, कदाचित आजीचेही. एकाच चौकटीत दोन काळ असतात, आणि छापखान्याचे नाव त्यांपैकी एकाचेच असते. दुसऱ्या काळाखाली कोणाची सही नाही.

हे साधन फार नाजूक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत कितीतरी वाडे पाण्याखाली गेले. खळीने चिकटविलेला कागद त्या पाण्यात किती टिकणार? मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली, त्याची नोंद झाली. घरोघरच्या भिंतींची कोणी केली नाही. पुढे वाडे पाडून इमारती उठल्या, तेव्हा चौकटी भंगारात निघाल्या. लाकडाला भाव आला, काचेला आला. मधल्या पुठ्ठ्यावरची लक्ष्मी ओसरीत राहिली, आणि जरीचा काठ एवढा काळा पडला होता की तो चांदीचा आहे हे घेणाऱ्याच्याही ध्यानात आले नाही.